जाऊबाईंची जट

केस धुणं ही गोष्ट माझ्या थोरल्या जाऊबाईंनी जेवढी मनावर घेतली होती, तेवढी उभ्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणी घेतली असेल असं मला वाटत नाही. पालीत आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी घरातल्या सगळ्या रीती सांगून झाल्यावर आवाज खाली आणून मला बजावलं की, बुधवारी दुपारपर्यंत थोरलीच्या वाटेला जायचं नाही. मला वाटलं, उपास असेल, मौन असेल. तसलं काही नव्हतं. बुधवारी जाऊबाई डोक्यावरून न्हायच्या. गावातल्या बाकीच्या बायका सोमवार, एकादशी, अमावास्या टाळून केस धुवायच्या. जाऊबाईंचं म्हणणं, "सा वार देवाचे हायेत, एक माझ्या डोस्क्याचा." मग त्या बुधवारी अमावास्या पडो, सख्ख्या भाच्याची हळद निघो, नाहीतर कापूस वेचायला बाया येऊन बांधावर बसोत, त्यांचं न्हाणं चुकायचं नाही.

आणि ते न्हाणं म्हणजे दोन तांबे ओतले असलं नव्हे. आदल्या दिवशी शिकेकाई, रिठे आणि आवळकाठी लोखंडी कढईत भिजत पडायची. बोअरच्या पाण्याला फेस येत नाही म्हणून धरणाकडच्या एका विहिरीवरून दोन हंडे पाणी यायचं, तेही दुसऱ्या कुणी आणलेलं चालायचं नाही. घरात गॅस असताना हे पाणी मागच्या अंगणात चुलीवरच तापायचं. गुडघ्याला टेकणारे ते केस धुऊन झाले की त्या बाजेवर पालथ्या पडत आणि केस बाजेखाली ठेवलेल्या धुपाच्या धुरावर सोडत. एका निवडणुकीत आमच्या भागातले एक बडे पुढारी चार गाड्या घेऊन दारात आले, तो नेमका बुधवार. जाऊबाईंनी मान वर केली नाही. पुढारी उन्हात हात जोडून उभे. शेवटी केसांच्या पडद्यामागून आवाज आला की, वाळेपर्यंत थांबा नाहीतर बेस्तरवारी या. ते खरोखर गुरुवारी परत आले, आणि मत त्यांना मिळालं नाही ते नाहीच. मी शाळेत शिकवते, सकाळी घाई असते, म्हणून पुडीतला शाम्पू लावून मोकळी होते. त्यावर त्यांनी माझी वेणी हातात घेऊन, शेतातलं कोळपं दगडावर घासल्यावर येतो तसा आवाज तुझ्या केसांना येतो, असं शेजारणींसमोर सांगितलं होतं. मला राग आला होता, पण त्याच रविवारी मला समोर बसवून तासभर तेल जिरवलं तेव्हा तो टिकला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या माळवदावर वाळत घातलेल्या शेंगा आभाळ भरून आलं म्हणून गोळा करायला चढल्या, आणि सूप काखेत धरून शिडीवरून उतरताना पडल्या. डाव्या पायाच्या नळीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. बीडला नेलं, सळई घातली, वर मांडीपर्यंत प्लास्टर. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पाय टेकवायचा नाही, भिजवायचा नाही, हलवायचा नाही, असं सगळं समजावून सांगितलं. जाऊबाईंनी ते ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आन् डोस्क्याचं काय?" पडताना डोकंही आपटलं असावं असं समजून डॉक्टरांनी लगेच त्यांच्या डोक्याचा फोटो काढायला सांगितला. तो चांगला आला. माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, तो काळा फोटो हातात धरून मला म्हणाले की, आत काही नाही असं डॉक्टर म्हणतात, मी तीस वर्षं हेच सांगत होतो. जाऊबाई हसल्या. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या घरात कुणी हसलं नाही.

पहिला बुधवार दवाखान्यात गेला, दुसरा तापात. तिसऱ्या बुधवारी त्यांनी मला रजा टाकायला लावली. बाज उंबऱ्यापर्यंत ओढली, डोकं कडेवरून खाली लोंबतं, खाली घमेलं, प्लास्टरला खताची रिकामी पिशवी बांधलेली. सगळं त्यांच्याच हुकमानं. पण मान खाली गेली की कंबर वर येई, पाय उशीवरून घसरे. त्या ओरडल्या तसा माझा हात हलला आणि तांब्यातलं पाणी मानेखालून थेट गादीवर, गादीतून पिशवीच्या आत. संध्याकाळपर्यंत प्लास्टरचा भिजून लगदा झाला. बीडला जाऊन ते कापलं तेव्हा आतल्या जखमेत पू झालेला दिसला. तो त्या पाण्यामुळं नव्हता, आधीपासूनच असणार, असं डॉक्टर म्हणाले. तरी त्या दिवसापासून मी त्यांच्या पायाकडे बघायचं टाळू लागले. सहा आठवडे सांगितलेलं प्लास्टर तीन महिन्यांवर गेलं. भाऊजी कधी कुणाला शब्दानं दुखवणारे नव्हेत, पण त्यांनी तांब्या उचलून माळ्यावर ठेवला आणि सांगितलं, पाय धड होईपर्यंत हिच्या डोक्याला पाणी लागणार न्हाई.

मग त्या नुसत्या पडून राहिल्या. मी कोरडी शिकेकाई चोळून बघितली, बेसन चोळून बघितलं, घामानं त्याचा चिखल झाला. विंचरायला डोकं उचललं तरी पायात कळ जायची, म्हणून मी वरचे वरचे केस सारखे करून अंबाडा बांधत असे. ज्या बाईच्या अंगाला धुपाचा वास यायचा तिच्या उशीला आंबूस वास येऊ लागला. त्यांनी आरसा भिंतीकडे फिरवून घेतला. बुधवार आला की डोळे मिटून पडत आणि जेवायला उठवलं तरी उघडत नसत.

एका दुपारी तेल लावताना माझ्या बोटांना मानेच्या वर काहीतरी लागलं. लिंबाएवढं, घट्ट, लोकर दाबून केलेल्या नमद्यासारखं. मी हात काढून घेतला. 

"सापडली का?" जाऊबाईंनी विचारलं.

त्यांना पंधरा दिवसांपासून माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. धारूरकडच्या त्यांच्या माहेरी, धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणानंतर त्यांची आई चार महिने अंथरुणाला खिळली होती. डोक्याला पाणी नाही, फणी नाही, त्यातून जट झाली. लोकांनी ठरवलं की देवी आली. कापायची सोय नाही, सोडवायची सोय नाही. आई परडी घेऊन दारोदार जोगवा मागायला लागली. जट कमरेपर्यंत गेली. पावसात भिजली की इतकी जड व्हायची की बाईला मान सरळ करता येत नसे, आणि रात्री ती उशीवर नाही, जटेवर डोकं ठेवून झोपायची. शाळेत पोरं जाऊबाईंना आईवरून चिडवायची, तेव्हा त्यांनी शाळाच सोडली.  मला त्या तीस वर्षांच्या बुधवारांचा अर्थ तेव्हा कळला, आणि मी कितीदा त्यावरून चेष्टा केली होती ते आठवून तोंड लपवावंसं वाटलं.

गोष्ट लपली नाही. ख्यालीखुशाली विचारायला आलेल्या शेजारणीनं मानेखाली उशी सारताना जट पाहिली. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू घेऊन चार बायका आल्या, तिसऱ्या दिवशी दहा. प्रत्येकीनं वाकून नमस्कार केला. पुढाऱ्याला दारात उभं करणारी ती बाई कपाळावर भंडारा घेऊन गप्प पडून होती. भाऊजी घाबरले. आजवर त्यांनी बायकोच्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. आता ते मला दाराबाहेर बोलावून म्हणाले की, पाय भरत नाही त्याला कारण हेच असेल, जटेला कुणी हात लावू नये.  वर्गात फळ्यावर अंधश्रद्धा हा शब्द मी दरवर्षी मोठ्या अक्षरात लिहिते. पण कपाटातून कात्री काढून मी दोनदा परत ठेवली होती. उद्या पाय कापावा लागला तर, हा विचार माझ्याही मनात आला होता. तो मी कुणाला सांगितला नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनीच मला हाक मारली. म्हणाल्या, "माझा पाय ऱ्हावो न्हाईतर जावो. हे डोस्कं माझं हाय, तेवढं मला परत दे."

या वेळी मी घाई केली नाही. शाळेतली हातांची खुर्ची मागून आणली, तिची पाठ मोरीच्या कट्ट्याला लावली, पुढे स्टुलावर उशा रचून पाय आडवा ठेवला आणि सायकलच्या ट्यूबनं पिशवी मांडीवर आवळली. खोबरेल कोमट करून त्या गाठीवर ओतलं आणि दाभणानं एकेक केस सोडवायला बसले. सकाळची दुपार झाली. अर्धी गाठ सुटली. आतली सुटेना, ती दगड झाली होती.

"काप," त्या म्हणाल्या.

मी कात्री उचलली. तेवढ्यात भाऊजी मागच्या दारात येऊन उभे राहिले. आता हे थांबवणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर थांबवावं असंही वाटलं. त्यांनी चपला काढल्या, स्टुलाजवळ खाली बसले आणि प्लास्टर दोन्ही हातांनी धरलं. "पाय मी धरतो," ते मला म्हणाले, "तू तुझं काम कर." त्यांचे ओठ हलत होते, बहुधा देवीचंच नाव असेल.

मी कापली. सोबत निम्मे केसही गेले. मग पाच तांबे पाणी ओतलं. पहिल्या तांब्याला जाऊबाईंनी डोळे मिटले आणि त्या जोरजोरात रडायला लागल्या.

देवीनं पाहून घेतलं असं गाव म्हणालं, कारण पाय काही भरला नाही. संक्रांतीनंतर दुसरं ऑपरेशन झालं. हाड जुळलं पण पाय इंचभर आखूड राहिला. दवाखान्याच्या खाटेवर त्यांनी एकदा माझा हात धरून, खरं सांग, जट कापली त्याच्यामुळं का, असं विचारलं. मी नाही म्हणाले.  त्यांना ते पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्या आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. केस खांद्याच्या खाली वाढले नाहीत, विरळ झाले. न्हायला वार उरला नाही. कंटाळा आला की दोन दोन आठवडे राहून जातं, मग मीच खुर्चीवर बसवून धुऊन देते, आणि पाणी कसलं, शिकेकाई कुठली, हे त्या विचारत नाहीत.

या दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या एका टोळीतली तरुण बाई पदर कपाळापर्यंत ओढून अंगणात आली. बाळंतपणानंतर तिला जट आली होती.  जाऊबाईंनी तिला पायरीवर पुढ्यात बसवलं, तेल मागवलं आणि बोटं घातली. तीन दिवस ती येत होती. दोन बोटं रुंदीचे केस मोकळे झाले. चौथ्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टर निघाला. ती धावत सांगायला आली, तेलकट केस तसेच पदराखाली. जाऊबाईंनी तिला उसाच्या फडावर रोज थोडं थोडं कसं सोडवायचं ते बोटानं दाखवलं. सासूनं सोडवू दिलं नाही तर, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी उरलेलं तेल बाटलीत भरून तिच्या हातात दिलं.

टोळ्या होळीच्या पुढंमागं परततात. जाऊबाई अलीकडे संध्याकाळी काठी टेकत फाटकापर्यंत येतात, रस्त्याकडे बघतात, आणि आजून किती ऊस उभा असंल गं, असं मला विचारतात. मला शेतीतलं फारसं कळत नाही. मी म्हणते, पुष्कळ असेल अक्का, तुम्ही आत चला.