लघवीवरची गोळी

मामीला राग आला की ती बोलत नाही, शिलाई मशीनचं पायडल दाबते. मामा सोफ्यांना कापड चढवतो, मामी गाद्यांचे अभ्रे शिवते. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की मशीन अशी धडधडते की त्याचं त्यालाच ऐकू येत नाही.

इस्पितळात मशीन नव्हती.

मामाला जुना मधुमेह. बायपास ठरलं तेव्हा ज्युनिअर डॉक्टर फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "ती लघवीवरची गोळी तीन दिवस आधी बंद करा." त्यांना म्हणायची होती मधुमेहाची गोळी, साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी. मामीच्या घरात लघवीची गोळी म्हणजे पायांची सूज उतरवणारी, जी घेतली की मामा सकाळभर मोरीत. तिने ती बंद केली. दुसरी वेळच्या वेळी देत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. पण पुढच्या दिवशी मामाला धाप लागली, उलट्या झाल्या. यंत्रावर साखर ठीक दिसत होती, तरी चालू राहिलेल्या त्या मधुमेहाच्या गोळीमुळे रक्तात आम्ल साचलं होतं. लघवीची पिशवी जवळजवळ कोरडी. किडनीने हात टेकले होते. डायलिसिसची भाषा सुरू झाली.

मोठे डॉक्टर मामीला शांतपणे म्हणाले, "गोळी वाईट नाही. एरवी किडनीला सांभाळते. पण ऑपरेशनआधी थांबवावी लागते. किडनीला मार बसायला इतरही कारणं असतात. पण तुम्हाला सूचना दिली होती ना?"

माझी आई, म्हणजे मामीची नणंद, व्हरांड्यात सगळ्यांदेखत म्हणाली, "कळलं नाही तर विचारायचं. तोंड काय शिवून ठेवलं होतंस?"

"वन्सं, कळलं नाही असं मला वाटलंच नाही. मग विचारू काय?"

आई तिच्याकडे रोखून बघत राहिली. मला आईचा राग आला. मी मामीच्या बाजूने बोलले नाही, त्याचा जास्त.

डायलिसिस शेवटी लागलं नाही. सलाइन, इन्सुलिन, आणि हळूहळू पिशवी भरू लागली. मामा क्षीण आवाजात म्हणाला, "माझ्या लघवीवर एवढी माणसं खूश झालेली आयुष्यात पाहिली नव्हती." सगळे हसले. मामी नाही.

घरी सोडताना ज्युनिअर डॉक्टर उदारपणे म्हणाले, "झालं ते झालं, काकू. किडनी सुधारली ना आता?"

"किडनी सुधारली. तुमचं वाक्य सुधारलं का?"

त्यांनी गोळीचं नाव सांगितलं, पाकिटावर खूण करू लागले. मामीने पाकीट काढून घेतलं. बाहेरच्या बाकावर ऑपरेशनला आलेला एक म्हातारा बायकोसोबत बसला होता.

"मला कळलंय," ती म्हणाली. "त्यांना असं गोळीचं नाव घेऊन सांगा. मी उभी आहे इथे."