उत्तनवालीचं दुपारचं जेवण

आमच्या गेटपाशी बसणारी उत्तनवाली माशाबद्दल बोलायला लागली की बायकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. "आजचं बोंबील लोन्यावानी हाय, बाय. चावायचं कामच न्हाय." असं म्हणून स्वतःच मिटक्या मारायची. त्याच बाईने कित्येक वर्षांत माशाचा तुकडा जिभेवर ठेवला नव्हता. आमच्या इमारतीत हे फक्त मला ठाऊक होतं.

भाईंदर पश्चिमेला मी तळमजल्यावर एकटी राहते. ती उत्तनच्या कोळीवाड्यातून सकाळच्या बसने माशांची पाटी घेऊन यायची आणि दुपारी गिऱ्हाईक सरलं की हात धुवायला माझ्याकडे. बेसन चोळायची, लिंबाची साल घासायची, मग हात हुंगायची. वास राहिला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मला वाटायचं, काय हे नखरे.

एकदा तिने माझं दुपारचं जेवण पाहिलं. चहा आणि खारी.

"हे जेवन?"

"एका माणसासाठी कोण चिरत बसतंय?" मी म्हटलं.

"का? एकटीचं पोट काय उसनं आनलंय?"

तिने पिशवीतून डबा काढला. मोड आलेले मूग, तिच्या वाडीतला माठ आणि खवलेलं खोबरं. माझ्याच गॅसवर चमचाभर तेलात लसूण आणि मिरची टाकली, त्यावर मूग परतले, चिरलेला माठ घातला, झाकण ठेवलं. उतरवताना खोबरं आणि लिंबू. घरून आणलेली तांदळाची भाकरी मोडून निम्मी माझ्यापुढे ठेवली. माझा चहा अजून गरमच होता.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"मग घाल. हात हायेत ना?"

मी घातलं. मग चांगलं लागलं.

तेव्हापासून ती तिचं जेवण माझ्याच गॅसवर करायला लागली. दोघींचं एकदम करू, असं मी सुचवलं, तर म्हणाली, "न्हाय. मी न्हाय आले त्या दिशी काय खाशील? परत खारी?" म्हणून एका शेगडीवर तिची कढई आणि दुसरीवर माझी. माझी भाजी सुरुवातीला करपायची. ती बघत बसायची, पण हात लावायची नाही.

तिच्याकडूनच घेतलेल्या बांगड्यांचं कालवण मी एकदा तिच्यापुढे ठेवलं. तिने वाटी सरकवली. मला राग आला. "माझ्या हातचं चालत नाही का?" असं तोंडावर विचारलं. तिने आधी दार लावलं.

"मला मासंच चालत न्हाय. दुसऱ्या बाळंतपनानंतर एकाएकी सुरू झालं. खाल्लं की ओठ सुजतात, गळा आवळतो. एकदा मरता मरता वाचले. कुनाला बोलू नको, बाय. जी खात न्हाय तिचं मासं कोन घेनार?"

मी तोंडावर बोलणारी बाई आहे, पोटात काही ठेवत नाही. हे ठेवलं.

एकदा मी गेटपाशी उभी असताना तिसऱ्या मजल्यावरची बाई बशी घेऊन खाली आली. "मौसी, आपकी ही सुरमई है. चखो, चखो! मेरे सामने खाओ." भोवती चार बायका. उत्तनवालीने तुकडा हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

मी तिच्या हातातून तुकडा ओढला आणि तोंडात टाकला. "हिला काय, रोजचंच आहे. आम्हाला कोण देतंय?" बशीतला दुसराही उचलला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मासा खारट होता, तेही मी सांगून टाकलं.

दुपारी ती कढईत मूग हलवत म्हणाली, "दुसरा कशाला खाल्लास? एकानं भागलं असतं."

"भूक होती."

ती हसली ती भाजी कढईला लागेपर्यंत.

गेल्या वर्षी ती तापाने गेली. आता तिच्या जागी तिची सून बसते. परवा एक बाई सुनेला सांगत होती, "तुझी सासू चवीने खाणारी, म्हणून तिचा मासा चांगला असायचा." सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, फार चवीने खायची."

नंतर मी सुनेला विचारलं, आता खरं सांगितलं तर चालेल का? ती म्हणाली, "सांगा की, आजी. मी खाते ना." म्हणून तुम्हाला सांगितलं.

इमारतीत मी अजून हावरी म्हातारी आहे. असू दे. मूग रात्रीच भिजत घालावे लागतात, ते घालते.