दिवस मावळेपर्यंत

मुझना चिडली की तिचा आवाज दोआन खोऱ्याच्या दोन्ही कड्यांवर आपटतो, असं सगळा हद्रमौत मुलूख म्हणे. बोरींच्या त्या बहरात तिला चिडायला कारणही तसंच होतं. गेल्या साली तिच्या नवऱ्याला, सालमीनला, मधमाशी चावली आणि अंगावर गांधी उठता उठता छातीत कळ आली. डॉक्टरांनी बजावलं, "ह्याला माशीचं विष सोसत नाही, ते थेट हृदयाला धरतं. पुन्हा माश्यांच्या पेट्यांजवळ गेला तर जिवावर बेतेल." थोरला दीर बखीत हसला. मधवाल्याच्या पोराला माशी बाधली म्हणजे घराण्याचं नाक कापलं जातं म्हणे! मेली ती अब्रू! नवऱ्यानंही मुकाट पुन्हा पेट्या उघडल्या.

त्या दुपारी माशी मानेला चावली. सालमीन बोरींखाली ठोकलेल्या तंबूत आडवा पडला, ओठ सुजलेले, हात छातीवर, घामानं निथळत.

"घाम फुटला ना? मग विष उतरतंय," बखीत म्हणाला. "मध चाटव त्याला."

"मध घाला तुमच्या डोक्यात! ट्रक काढा भाऊजी, दवाखान्यात न्यायचंय."

"पेट्या ट्रकवरच मांडल्यात. निम्म्या माश्या रानात गेल्यात. दिवस मावळून त्या परतल्या की निघू. उजेडी कोणी पेट्या हलवतं का?"

"तोवर हा राहील?"

बखीतनं उन्हाकडे बघितलं. भावाकडे नाही.

मुझनाच्या डोक्यात तिडीक गेली. ती ट्रकवर चढली आणि तिनं पहिली पेटी खाली ढकलली. फळ्या फुटल्या, पोळी मातीत पडली, माश्या तिच्यावर तुटून पडल्या. तिनं दुसरी ढकलली, मग तिसरी, मग पुढच्याही.

"अगं बये, वर्षाचा मध आहे तो!"

"आणि हा माझा नवरा आहे! उचला त्याला, नाहीतर तुम्हालाही ढकलते!"

तेव्हा कुठे त्यानं भावाला उचललं.

शहरातल्या दवाखान्यात सालमीननं डोळे उघडले, तेव्हा मुझनाच्या तोंडाचा सुजून भोपळा झाला होता. बाकी तिला काही झालं नव्हतं.

"पेट्या?" त्यानं विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरता मरता वाचला, आणि बायको दिसायच्या आधी पेट्या आठवल्या! तिला रडू येत होतं, म्हणून ती आणखीच चिडली.

"निम्म्या उरल्यात. तू आता बाजारात बसून मध विकायचा."

"मग माश्या कोण बघणार?"

"मी," ती म्हणाली. "आणि तुझ्या भावानं माझ्या पेट्यांना बोट लावायचं नाही."