चष्मा काढून बघणारे मास्तर

“कशावरून?” हा आमच्या गणिताच्या मास्तरांचा आवडता शब्द. सोलापूरच्या भवानी पेठेत आम्ही शेजारी आणि शिकवायलाही एकाच शाळेत. पुतणीचं लग्न ठरल्याचं सांगायला मी पेढे घेऊन गेलो, तर हे म्हणाले, “कशावरून?” तुम्हालाही असा एखादा शेजारी भेटला असेल. रागवावं तरी पंचाईत, न रागवावं तरी पंचाईत.

१९३० च्या उन्हाळ्यात इंग्रज सरकारने सोलापुरात लष्करी कायदा लावला आणि सारी पेठच मास्तरांच्या वळणावर गेली. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. गल्लीत कुणीतरी सरकारचा खबऱ्या आहे, एवढं सर्वांना पटलं होतं. तो कोण, एवढंच ठरायचं होतं.

नेमके त्याच दिवसांत मास्तर दिवेलागणीनंतर घरावरच्या सपाट माळवदावर चढू लागले. हातात जुनी दुर्बीण, शेजारी लाल फडकं गुंडाळलेला कंदील. आधी चष्मा लावून बघायचे, मग चष्मा काढून बघायचे.

“चष्मा काढून कुणाला काय दिसतंय का?” किराणावाले आप्पा मला म्हणाले. “बघत न्हाय त्यो, खुणा करतोय. न्हायतर लाल दिवा कशाला?”

झालं, खबऱ्या ठरला! न्हाव्याने मास्तरांची हजामत बंद केली. ते दिसले की आप्पांच्या दुकानातली बोलणी थांबत. शेजारच्या अक्का मागावर लुगडी विणायच्या आणि या एकट्या जिवाला रोज दोन भाकरी द्यायच्या. त्याही बंद झाल्या. मास्तरांचे गाल बसले, पण माळवद सुटलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी आप्पा, अक्का आणि मी जाब विचारायला निघालो. रस्त्यावर यायला बंदी होती, पण माळवदं एकमेकांना लागून होती.

“धूमकेतू आहे,” मास्तर म्हणाले. “सध्या पृथ्वीच्या जवळून चाललाय, म्हणून रोज भराभर जागा बदलतो. रोजची जागा टिपली तर त्याची वाट मांडता येते. एक संध्याकाळ चुकली की तेवढी वाट हरवली.”

“आनि चष्मा?” आप्पा म्हणाले.

“धूमकेतू धुरकट, तारे टोकदार. चष्मा काढला की तारेही धुरकट होतात. मग तो कुठल्या ताऱ्याएवढा उजळ आहे ते ताडता येतं. लाल फडकं डोळे दिपू नयेत म्हणून.”

अक्कांनी दुर्बीण डोळ्याला लावली. “पिंजलेल्या कापसावानी दिसतंय की. ह्याच्यापायी येवढं?”

“आनि त्यो धूमकेतूच हाय, कशावरून?” आप्पांनी विचारलं.

मास्तर मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी प्रथमच पाहिलं आणि मला एकदम त्यांची माया वाटली. “बरोबर विचारलंत आप्पा! माझ्यावर विश्वास ठेवूच नका. शेजारचा हा तारा ओळखून ठेवा आणि उद्या या. कापूस इथंच दिसला तर मी खोटा. दुर्बीण अक्कांकडे राहू दे, नाहीतर मीच काही करून ठेवलं म्हणाल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई आले आणि मास्तरांना घेऊन गेले. लाल दिव्याने इशारे करतात, अशी खबर लागली होती म्हणे. “कशावरून?” मास्तरांनी विचारलं. शिपायाने कंदील उचलला आणि त्यांना पुढे ढकललं.

संध्याकाळी आम्ही तिघे माळवदावर गेलो. तारा सापडला. त्याच्याजवळ काहीच नव्हतं. अक्का दुर्बीण हळूहळू सरकवत गेल्या आणि थांबल्या.

“लई लांब गेलंय की ओ,” त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. “खरं बोलत व्हते मास्तर.”

कशावरून, असं कुणी विचारलं नाही. मास्तरांच्या माळवदावरचा दिवा रस्त्यावरून दिसत नसे. दिसायचा तो फक्त आम्हा तिघांच्या माळवदांवरून. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या घरी गेलो.

पुढे मास्तर सुटले, पण पेठेत परतले नाहीत. त्यांचं सामान न्यायला गाडीवान तेवढा आला. अक्का दुर्बीण घेऊन गाडीमागे धावल्या.

“ती ऱ्हाऊ द्या म्हनलेत मास्तर,” गाडीवान म्हणाला. “हितं लागंल, म्हनले.”