डाव्या कोपऱ्यातला खेळाडू

बास्केटबॉलच्या संघाला पाच माणसं लागतात. आमच्याकडे त्या वर्षी चार होती, आणि पाचवा कुठून आणायचा हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण शाळेचा कवायत-मास्तर मी होतो.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आधीचा हिवाळा होता. त्याच्या दोन वर्षं आधी मुंबईहून व्यायामाचं शिक्षण घेऊन येताना मी एक चामड्याचा चेंडू आणि या खेळाचे नियम घेऊन आलो होतो. गावच्या लोहारानं दोन कड्या घडवून दिल्या, सागाचे दोन खांब उभे केले, आणि जाळं म्हणून तापीवरच्या भोयांकडचं फाटकं मासेमारीचं जाळं कापून बांधलं. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात तिथे पाय रुतायचा, उन्हाळ्यात भेगा पडायच्या. खेळायचे महिने दिवाळी ते होळी एवढेच.

खेळ टिकला तो डोंगरातल्या मुलांमुळे. तोरणमाळच्या बाजूची पावरा आदिवासींची चार मुलं आमच्या वसतिगृहात होती. वर्गात ती मागच्या बाकावर गप्प बसायची आणि दर सणाला घरी गेली की परत येतील का, अशी धास्ती असायची. चेंडू आल्यापासून ती न बोलावता परत येऊ लागली. चढउतारावर वाढलेली, त्यामुळे दमायची नाहीत. आपापसात पावरीत बोलायची, मैदानावर तेवढंही नाही. एकमेकांकडे न बघता चेंडू बरोबर जायचा. पाचवा गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता, तोही हळूहळू त्यांच्यात बसला.

त्या हिवाळ्याआधीच्या भाद्रपदात चौघं डोंगरातून परत येत होती. वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलेलं. हात धरून साखळी केली आणि उतरली. शेवटी जो होता त्याचा हात सुटला. तो आमच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायचा. तीन मुलं ओल्या कपड्यांनी शाळेत आली आणि वसतिगृहाच्या ओट्यावर बसली. त्याचा देह खाली एका झुडपात अडकलेला सापडला.

दिवाळीनंतर सराव सुरू केला. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून घेतलं.

"मास्तर, माघात धुळ्याला सामने आहेत. नवापूरकडची मिशनची शाळा येणार. आपण हरलो तर हरलो, पण चार जण उभे करून शाळेचं हसं व्हायला नको. पाच उतरवता येत नसतील तर खांब काढून टाकू. सागाचे आहेत, वर्गाच्या छपराला कामाला येतील."

"खांब काढले तर डोंगरातली मुलं टिकणार नाहीत, सर."

"तेच म्हणतोय. पाचवा शोधा."

म्हणून मी कामं लिहून काढली. चेंडूचा ब्लॅडर बदलणे, चुन्याच्या रेघा, जाळं, आणि एक उंच मुलगा. पहिली तीन कामं आठवड्यात झाली. चौथ्या कामासाठी सायकल काढली आणि आसपासची गावं पालथी घातली. कोणाचा मुलगा उसाच्या गुऱ्हाळावर, कोणाचा लग्नाला आलेला. आणि डोंगरातल्या मुलांबरोबर एका माठाचं पाणी प्यावं लागेल, हे कळल्यावर दोन घरांत चहाचा कपसुद्धा पुढे आला नाही. शेवटी कळसाडी गावात आमच्याच शाळेत दिवाळीनंतर नुकताच नाव घातलेला, रोज घरून येणारा एक मुलगा सापडला. दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच. बाप कपाशीच्या शेतात होता. मी खेळ समजावून सांगितला.

"टोपलीले तळ शे का?" त्यानं विचारलं.

"नाही, आप्पा. चेंडू खाली पडायला हवा."

"टोपलीले तळच नही, मंग त्यामा ऱ्हास काय?"

"राहत काही नाही."

"आन् कापूस येचाले तुम्ही येशात का?"

मी येतो म्हणालो. एक रविवार वेचलाही. माझी वेचणी बघून म्हातारा इतका हसला की मुलगा मला मिळाला.

आता पाच झाले. पण सराव बघताना माझ्या लक्षात आलं की माझी अडचण माणसांची नव्हती. चेंडू डावीकडे जायचा, तो कळसाडीच्या मुलाकडे नव्हे, त्याच्या दोन हात पुढे, रिकाम्या जागी. तिथून तो रेघेबाहेर जायचा. मुलं थांबायची, कोणीतरी चेंडू आणायचा, खेळ पुन्हा सुरू. कोणी कोणाला बोल लावत नव्हतं. मी शिट्टी मारायचो, जमिनीवर काठीनं खुणा करायचो, डावा-उजवा बदलून बघायचो. कप्तान, म्हणजे डोंगरातल्यांतला सर्वांत थोराड मुलगा, मान डोलवायचा. आणि चेंडू पुन्हा त्याच जागी जायचा. एकदा व्यापाऱ्याच्या मुलानंही तसाच टाकला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर त्याला आपण तसं केलं हेच पटेना.

वाईट खेळणाऱ्या संघाचा चेंडू कुठेही जातो. हा नेहमी एकाच ठिकाणी जात होता, आणि अगदी अचूक. संध्याकाळी रेघा पुसट व्हायच्या, मैदानावर वसतिगृहाच्या स्वयंपाकाचा धूर उतरायचा, आणि चेंडू त्या कोपऱ्यात इतक्या नीट जाऊन पडायचा की मी नकळत तो झेलला जाण्याची वाट बघायचो.

एक दिवस कळसाडीचा माझ्याकडे आला. "मास्तर, मी तठे उभा ऱ्हावाव नही."

"का रे? पाय दुखतो?"

"नही. माले कोनी चेंडू देत नही, त्यानं काही नही. पन तठे आधीच कोनी उभं शे आसं वाटस. मी त्याना आंगवर उभा ऱ्हातो का काय."

मी त्याला दटावलं नाही. कप्तानाला वसतिगृहामागे बोलावलं आणि सरळ विचारलं. त्यानं मैदानाच्या डाव्या कोपऱ्याच्या दिशेनं मान वळवली.

"तिथं तो आहे," तो म्हणाला. "त्याचा दगड बसला नाही."

मग थोडं थोडं करून सगळं सांगितलं. अवेळी गेलेल्या माणसासाठी गावात दगड उभा करतात. पुजारा त्याला बोलावतो, घरचे दारूची धार सोडतात, मग तो तिथे बसतो. तोवर जिथे त्याचा जीव रमला असेल तिथे तो फिरतो. घरी हंगाम बरा नव्हता, मामाकडचे लोक कामाला लांब गेलेले. दगड होळीच्या सुमाराला बसेल. सामना त्याच्या आधी.

"मग तोवर?"

"तोवर त्याला चेंडू द्यावा लागतो, गुरुजी."

मी हे हेडमास्तरांच्या कानावर घातलं. त्यांचं मन चांगलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"एवढंच ना? दगडच हवा ना? आपण बसवू."

मलाही ते व्यवहाराचं वाटलं. शहाद्याच्या पाथरवटाकडून एक तासलेला काळा दगड आणला. त्यावर देवनागरीत 'कै.' लिहून त्याचं हजेरीपटातलं नाव आणि खाली शाळेचं नाव. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यालगत, रेघेबाहेर, खड्डा करून तो उभा केला. सगळी शाळा रांगेत उभी राहिली. हेडमास्तरांनी हार घातला, दोन शब्द बोलले, मुलींच्या शाळेतून आलेल्या बाईंनी प्रार्थना म्हणवून घेतली. डोंगरातली तिघं शेवटच्या रांगेत होती. त्यांचे चेहरे बघून मला कळलं की काहीतरी फार चुकलं आहे, पण प्रार्थना संपेपर्यंत काही करता येईना.

त्या दिवसापासून ती तिघं मैदानावर उतरली नाहीत. संध्याकाळ झाली की वसतिगृहाची त्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. एकानं गाठोडं बांधून खाटेखाली ठेवलं.

"अरे, दगड तर बसला!" हेडमास्तर कप्तानाला म्हणाले. "तुझं समाधान कशानं होणार?"

"इथं बसवला, सर," कप्तान म्हणाला. "आता तो इथलाच झाला. त्याला घर दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी कप्तान न सांगता डोंगरात निघून गेला. मला वाटलं, संपलं. मी खांब उपटायला लागणाऱ्या पहारी कोणाकडे आहेत तेही बघून ठेवलं, कारण काम आलं तर खोळंबा नको.

तो परत आला तो मुलाच्या बापाला घेऊन. बाप लंगोटी लावलेला, अंगावर घोंगडं, हातात तीरकामठा. तो दगडासमोर उकिडवा बसला. अक्षरांवरून बोट फिरवत काहीतरी विचारलं.

"काय लिहिलंय म्हणतो," कप्तान म्हणाला.

मी नाव वाचून दाखवलं. बापानं मान हलवली. ते नाव पहिलीच्या मास्तरांनी शाळेत घालताना ठेवलेलं. घरात त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारत. या नावानं हाक मारली तर त्याला ती आपल्यासाठी आहे हे कळणारही नाही, असं बाप म्हणाला. रागावून नाही. चुकलेली वाट दाखवतात तशा आवाजात.

"तो दगड न्यायचा म्हणतो. दगडाबरोबर तो येईल."

हेडमास्तर माझ्याकडे वळले, हळूच म्हणाले, "मास्तर, शाळेची वस्तू आहे. याची नोंद कुठं करायची?"

"डेडस्टॉकच्या वहीत लावलाच नव्हता, सर."

"मग जाऊ द्या," ते म्हणाले आणि पटकन खोलीत गेले.

डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलगाडी केली. तिथून पुढे वाट चढती, गाडी चालत नाही. दगडाला दोरखंड गुंडाळून बांबूला टांगला आणि दोघादोघांनी खांदा द्यायचा ठरवलं. मी गेलो, कारण शाळेची मुलं होती. कळसाडीचा का आला ते मला माहीत नाही. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. गाडीमागून चालत आला, एवढंच.

बाप पुढे चालत होता आणि सारखा मागे वळून बोलत होता. आमच्याशी नाही. कप्तान मला सांगत होता: इथं वळण आहे म्हणतो. इथं काटे आहेत. हा तुझा आंबा, ओळखलास ना. दुपारचं ऊन, सागाची पानं वाळून कडकडत होती, आणि त्या मोकळ्या वाटेवर मी दोनदा मागे वळून बघितलं. आमच्यामागे कोणी नव्हतं. तरी मी चालताना डावीकडे थोडी जागा ठेवत होतो हे माझ्या ध्यानात आलं.

ओढ्यापाशी सगळे थांबले. पाणी घोट्याएवढं होतं, तळाचे गोटे दिसत होते. बाप पाण्यात उतरला, वळला आणि हात पुढे केला. तसाच उभा राहिला. बांबूखाली असलेल्या दोन मुलांपैकी धाकटा पाण्याच्या कडेवरून मागे सरकू लागला आणि दगड झोकांड्या खाऊ लागला. कळसाडीचा पुढे झाला, त्याला सरकवलं आणि आपला खांदा लावला. तो उंच, दुसरा बुटका, सगळं ओझं घसरून बुटक्याच्या मानेवर आलं. तो पावरीत ओरडला. कळसाडीचा गुडघे वाकवून, बदकासारखा चालत ओढा उतरला. बाप हात तसाच पुढे ठेवून मागे मागे सरकत होता. पलीकडे गेल्यावर त्यानं मूठ मिटली.

त्याच्या गावात दगड बसला तो उलटा. कोरलेली अक्षरं जंगलाकडे, आणि कोऱ्या बाजूवर पुजाऱ्यानं शेंदरानं एक घोडा काढला. पोरगा जन्मात घोड्यावर बसला नव्हता. पण सगळ्यांच्याच दगडांवर घोडा होता. धार सोडली, हाक मारली, त्याच्या घरच्या नावानं. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मुलं म्हणाली, आम्ही मागून येतो. मी आणि कळसाडीचा दोघंच खाली उतरलो. कळसाडीला पोचल्यावर त्याच्या बापानं त्याला अंगणातच उभं करून आंघोळ घातली, आणि मला म्हणाला, "मास्तर, मी पोऱ्या खेळाले दिन्हा व्हता, दगड वाहाले नही."

मुलं आली नाहीत. बाजाराचा दिवस गेला. हेडमास्तरांनी धुळ्याला जायच्या मोटारीचं विचारलं, मी उद्या सांगतो म्हणालो. व्यापाऱ्याचा मुलगा आणि कळसाडीचा दोघंच मैदानावर चेंडू टाकत बसायचे. डाव्या कोपऱ्यात दगडाचा खड्डा मी मुरमानं भरून घेतला होता. त्याच्याकडे न बघण्याचा मी प्रयत्न करायचो.

निघायच्या आदल्या दुपारी ती तिघं आली. धुळीनं माखलेली. कप्तानानं मला नमस्कार केला आणि जेवायला काय आहे विचारलं.

धुळ्यात मिशनच्या शाळेनं आमची धूळधाण केली. त्यांच्या पायांत बूट होते, आमचे अनवाणी. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मी फक्त डावा कोपरा बघत होतो. बराच वेळ चेंडू तिकडे गेलाच नाही. मग कप्तानानं मधून चेंडू घेतला आणि न बघता, पूर्वीसारखाच, डावीकडे फेकला. दोन हात पुढे नाही. सरळ कळसाडीच्या मुलाच्या छातीवर. त्याला त्याची सवयच नव्हती. चेंडू छातीवर आदळून बाहेर गेला, प्रेक्षक हसले, आणि कप्तान मैदानाच्या मध्यातून पावरीत त्याच्यावर खेकसला. कळसाडीच्याला एक अक्षर कळलं नाही. छाती चोळत तो हसत उभा राहिला.

सामना संपल्यावर मी कप्तानाला विचारलं, काय म्हणालास त्याला?

"काही नाही, गुरुजी. म्हटलं, झेल की. तूच आहेस ना तिथं."