सुमनचा फिरून आलेला ताप

डॉक्टरांनी सुमनच्या पोटावरून हात काढला, तिची जीभ पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाले, "टायफॉइड दिसतोय." टायफॉइड म्हणजे आपण ज्याला मुदतीचा ताप म्हणतो तो. आतड्यात व्रण पडतात आणि ताप तीन-तीन आठवडे हलत नाही. रक्त तपासायला पुण्याला पाठवलं, पण निकाल यायच्या आधीच मला कळून चुकलं होतं. आमचा पहिला मुलगा बाळू याच तापाने गेला. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. सुमनला नुकतंच पाचवं लागलं होतं.

हे लिहितेय ते रडगाणं गायला नव्हे. ज्यांच्या घरी आज लहान मूल तापाने पडलं आहे त्यांच्यासाठी लिहितेय. माझी चूक मी पोटात ठेवून कुणाचं भलं होणार नाही.

सोलापूरचा वैशाख. पहिले चार दिवस पोर नुसती किरकिर करत होती. संध्याकाळी अंग तापायचं, सकाळी कोमट. मी म्हटलं, ऊन लागलं. कांद्याचा रस तळपायांना चोळला आणि गप्प बसले. पाचव्या दिवशी सकाळीही अंग उतरेना, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. तुम्ही असे चार दिवस घालवू नका. आदल्या संध्याकाळपेक्षा आज ताप थोडा जास्त आहे असं दोनदा दिसलं की उठा आणि डॉक्टर गाठा.

"या तापावर अजून औषध निघालेलं नाही. सांभाळणं आहे, आणि ते तुमच्या हातात आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक थर्मामीटर दिला. आधी झटकून पारा खाली आणायचा, मग काखेत धरायचा, हे मला तीनदा करून दाखवायला लावलं. शेजारच्या लक्ष्माक्का, त्यांच्या घरी चादरींचे माग, त्यांनी मायेने दोन जाड चादरी सुमनवर घातल्या होत्या, घाम यावा म्हणून. डॉक्टरांनी त्या स्वतः उचलून बाजूला ठेवल्या. "तापलेल्या भांड्यावर झाकण कशाला?" पारा एकशे तीनच्या वर गेला की ओल्या फडक्याने अंग पुसायचं. पोटात फक्त पातळ जायचं, आणि पाणी वीस मिनिटं खळखळ उकळलेलं.

जाताना दारात थांबून ते म्हणाले, "ताप चढला तर अंग पुसा, घाबरू नका. एकदम उतरला तर मात्र घाबरा, आणि मला बोलवा."

ताप उतरला तर घाबरायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. पण ते वाक्य तेव्हापासून घरात येऊन बसलं.

मी स्वभावाने करडी. एकदा नेम धरला की धरला. गिरणीचा भोंगा झाला की थर्मामीटर लावायचा. पंचांगात त्या दिवसाच्या तिथीसमोर आकडा लिहायचा. षष्ठीला एकशे तीन, सप्तमीला एकशे चार. नळाचं पाणी गाळायचं, उकळायचं, झाकायचं. सुमनचं तोंडसुद्धा त्याच पाण्याने धुवायचं. लक्ष्माक्का हसायच्या. म्हणायच्या, "तुमच्या चुलीला इसावाच न्हाई की वहिनी. सरपणवाल्याची चांदी हाय."

आमचे हे जवळच्या दत्ताच्या देवळात पुजारी. रोज सकाळी पूजा आटोपली की पादुकांचं तीर्थ तांब्याच्या गडूत घेऊन घरी यायचे. अकाली मरण टळो, सगळी व्याधी जावो, असा तीर्थाचा मंत्र आहे. तो म्हणून मी पळीभर तीर्थ सुमनच्या ओठांत सोडायची. दिवसभरात तेवढाच काय तो क्षण मला धीर यायचा.

तेविसाव्या दिवशी ताप गेला. नऊ दिवस पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास राहिला. दहाव्या दिवशी संध्याकाळी सुमन म्हणाली, "आई, थंडी वाजतेय." बाहेर दगड तापले होते.

डॉक्टर याला रिलॅप्स म्हणाले. रिलॅप्स म्हणजे उतरलेला ताप फिरून येणं. कधी तो आपोआप येतो, कधी बाहेरून पुन्हा जंतू पोटात गेल्याने. ते पाटावर बसले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हिच्या पोटात काय काय जातं, एकूण एक सांगा. काही वगळू नका."

मी घडाघडा सांगितलं. ताकाची निवळी, ताक घरचं. बार्लीचं पाणी. मोसंब्याचा रस, मोसंबी उकळलेल्या पाण्याने धुतलेली. औषधाचा चमचासुद्धा उकळलेला. ते मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, "इतकं तर इस्पितळातही होत नाही." मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते.

दुसऱ्या खेपेला पोर पार खंगली. हाक मारली की डोळे उघडायची, पण बघायची भलतीकडेच. बाळूनेही शेवटी शेवटी असंच केलं होतं. मी आणि हे, दोघांपैकी कुणीच बाळूचं नाव काढत नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी भोंगा झाला आणि मी थर्मामीटर लावला. सकाळी एकशे तीन होता. आता सत्त्याण्णव. मी झटकून पुन्हा लावला. सत्त्याण्णवच.

लक्ष्माक्का खिडकीतून बघत होत्या. त्यांनी हात जोडले. "उतरला की वो ताप. देव पावला तुमाला." सुमनच्या कपाळावर गार घाम होता, ओठ पांढरे. मनगट धरलं तर नाडी धावत होती, मोजता येईना. मी लक्ष्माक्कांना म्हटलं, "देव पावला नाही. टांगा बघा."

आतड्यातल्या व्रणातून रक्त जात होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं नसतं, तर मी ताप उतरला म्हणून साखर वाटत बसले असते. म्हणून सांगते, आकड्यावर भुलू नका. पोर कशी दिसते, नाडी कशी चालते, शौच काळं होतंय का, ते बघा.

इस्पितळात तिच्या पोटावर बर्फाची पिशवी ठेवली. चार दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून होते. तोंडात काही द्यायचं नाही, हलवायचं नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे आणि "अजून काही सांगता येत नाही" एवढंच म्हणायचे. पाचव्या दिवशी घोट घोट पाणी द्यायची परवानगी मिळाली. त्या सकाळी हे पूजा आटोपून आले. हातात गडू होता.

मी मंत्र म्हणत पळी सुमनच्या तोंडाशी नेली, तेवढ्यात डॉक्टर आत आले.

"ते काय आहे?"

"तीर्थ," मी म्हटलं.

"पाणी कुठलं?"

"देवळातल्या आडाचं." देवाला नळाचं पाणी चालत नसे. तोटीत चामड्याची चकती असते म्हणून ते सोवळ्यात बसत नाही. पिढ्यानपिढ्या देवाला आडाचंच.

"रोज देता? तापात, आणि मधल्या नऊ दिवसांतही?"

"इथे येईपर्यंत एक दिवस चुकवला नाही."

"उकळता?"

मला राग आला. "तीर्थ कुणी उकळतं का?"

त्यांनी माझ्या हातातून पळी काढून घेतली. आवाज मात्र चढवला नाही. "बाई, मी तुम्हांला एकूण एक सांगा म्हटलं होतं."

खरं सांगते, मी लपवलं नव्हतं. मला ते आठवलंच नव्हतं. तीर्थ हे पाणी आहे, हे माझ्या मनात उभ्या जन्मात कधी आलं नाही. उन्हाळ्यात तो आड तळाला जायचा, पलीकडून गल्लीची मोरी वाहायची, हे सगळं मला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, "यानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आजपासून हे बंद."

हे गडू घेऊन निघून गेले. मी बाकावर जाऊन बसले. बाळूला शेवटच्या दिवशी घशाखाली काही उतरत नव्हतं. तरी मी त्याचं तोंड उघडून तीर्थ घातलं होतं. ते आता आठवलं.

अठरा दिवसांनी सुमन घरी आली. केस गेलेले, पायांच्या काड्या झालेल्या, पण डोळे आमच्याकडे बघणारे. डॉक्टरांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. आमच्या यांनी मात्र त्या दिवसापासून घरी तीर्थ आणलं नव्हतं. दुखावले असतील, मी देवाचा अपमान होऊ दिला म्हणून, असं मला वाटत होतं. मीही विचारलं नाही.

मग एकदा लक्ष्माक्का म्हणाल्या, "भटजींनी देवळात चूल मांडलीया. बघितलं न्हाई तुमी?"

सुमनला कडेवर घेऊन गेले. आडाजवळ तीन दगड मांडलेले, वर तांब्याचं घंगाळ, पाणी खळखळतंय. हे सोवळ्यात, धुराने डोळे लाल, फुंकणीने जाळ फुलवत बसलेले.

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, देवाला कढवलेलं पाणी घालतो. दोघं-तिघं तीर्थ न घेताच गेले." त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "बाळूच्या वेळीही याच आडाचं होतं. पूजेला बसलो की तेवढंच डोक्यात येतं."

इतके दिवस मला वाटत होतं की हे ओझं माझ्या एकटीच्याच डोक्यावर आहे. मी तिथेच आडाच्या कठड्याला धरून रडले. त्यांनी रडू दिलं.

पूजा झाली. त्यांनी पळी पुढे केली. सुमनने तळहात पसरला आणि मग मागे घेतला. इस्पितळात पळी कशी काढून घेतली ते पोरीच्या लक्षात राहिलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, घेऊ?"

मी आधी माझा हात पुढे केला. तीर्थ अजून कोमट होतं. मी ते प्यायले, आणि मग तिला म्हटलं, "घे."