खातूनचाचीची झाकलेली टाकी

आमच्या शेजारच्या खातूनचाचीला पाण्याची भीती होती. ती लहान असताना कुरखेड्याकडच्या तिच्या गावी तिचा भाऊ धानाच्या बोडीत, शेतातल्या तळ्यात, बुडाला, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून विहिरीवर गेली तरी काठापासून लांब उभी राहून, हात ताणून दोर ओढायची. अशा बाईच्या परसात पोहायची टाकी झाली, आणि ती बांधायचा हट्ट तिचाच होता.

कारण जोया, तिची एकुलती मुलगी. पोलिओने तिचे दोन्ही पाय लहानपणीच लुळे पडले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला रोज पाण्यात उतरवा. पाण्यात पायांवर भार येत नाही, हलवता येतील, आहे ती ताकद टिकेल. रोज म्हणजे बारा महिने, नुसतं उन्हाळ्यात नाही. आता आमच्या सिंदेवाहीत कुठला आला तरणतलाव? गावतलावात चिखल आणि जळवा. चाचीचा नवरा हाफिजभाऊ वेल्डिंगचं दुकान चालवायचा. त्याने घरामागे टाकी खोदून बांधून घेतली. घराकडच्या टोकाला कमरेइतकी, जंगलाकडच्या टोकाला माणूस बुडेल इतकी.

"एवढी खोल काऊन?" चाचीने विचारलं.

"पोरगी पोहाले शिकन न," तो म्हणाला.

चाची रोज जोयाला कडेवर घेऊन उथळ टोकाला उतरायची. एका हाताने काठ, दुसऱ्या हाताने मुलगी. पायाखाली फरशी लागते ना, हे चाचपत राहायची. जोया मात्र पावसाळा लागेपर्यंत त्या खोल पाण्यात मासोळीसारखी फिरायला लागली. जमिनीवर जिला उचलून ठेवावं लागे, ती पाण्यात कुणाच्या हाती लागत नसे.

पावसाळ्यात टाकीत बेडूक पडले, पाला पडला, एकदा विरोळा साप निघाला. थंडी लागली तसं पाणी दातखीळ बसवणारं झालं. आणि एका सकाळी टाकीच्या ओल्या काठावर पंजांचे ठसे दिसले. आमच्या ओळीतल्या घरांमागे एक नाला आणि पलीकडे लगेच सागाचं जंगल. माझ्या बाबांनी, बापूरावांनी, वाकून पाहिलं.

"बिबट हाये. पाणी प्याले आला असन."

त्या दिवसापासून चाची पाण्यात जंगलाकडे तोंड करूनच उभी राहायची. माझ्या आईला, रुखमाला, म्हणायची, "बाई, मले वाटते कोणीतरी पाहून राह्यलं. पान हाललं तरी छातीत धस्स होते." आई म्हणाली, मग नको उतरू. चाची म्हणाली, "पाय आखडतीन तिचे."

शेवटी हाफिजभाऊने टाकी झाकायचं ठरवलं. लोखंडी पाइप कमानीसारखे वाकवले, वर ऊन आत येईल असे फायबरचे पत्रे टाकले, बाजूंनी वरपर्यंत जाड जाळी आवळली. दार एकच, घराकडचं. बाहेरून ढकललं की आत उघडणारं. चाचीच्या सांगण्यावरून त्याला दणकट स्प्रिंग बसवली, म्हणजे कोणी विसरलं तरी दार आपोआप बंद व्हावं. उघडायला आतून मूठ धरून ओढावं लागे. दुपारच्या उन्हाने आत छान ऊब धरायची. सुटीच्या दिवशी जोयाची चुलतभावंडं यायची, सगळं घर पाण्यात असायचं. चाची बऱ्याच दिवसांनी हसली, असं आई सांगते.

मी तेव्हा ब्रह्मपुरीला कॉलेजात होते. पुढचं मला आईने आणि चाचीने सांगितलेलं आहे.

दोन हजार एकची संक्रांत नुकतीच झाली होती. उन्हं कलायला लागली होती. हाफिजभाऊ दुकानात, चाची आणि जोया पाण्यात. गल्लीतलं एक कुत्रं दाराला डोकं लावून आत घुसलं आणि सरळ पाण्यात पडलं. चाची त्याला हाकलायला ओरडणार, तोच दार परत मिटायच्या आत त्याच्या मागोमाग बिबट आला. दार धाडकन बंद झालं.

तो काठावर थबकला. त्याने माणसं पाहिली. मागे वळून दाराला धडक दिली, दार हललं नाही. मग जाळीवर चढला, पत्र्यावर आपटला, खाली पडला, पुन्हा चढला. चाची आईला म्हणाली होती, "तोही भ्याला होता, बाई. पण त्याले दात होते न."

मग तो टाकीभोवती फिरू लागला. उथळ टोकाला काठ हातभर अंतरावर. पंजा घातला असता तरी पुरला असता. जोया कानाशी हळूच म्हणाली, "अम्मी, खोलात चाल. मधात."

"मले नाई जमत."

"मी हाये न. हनवटी वर ठेव. मले गळ्यात पकडू नको."

चाचीने फरशी सोडली. पायाखालचं गेलं तसं तिला वाटलं, आता संपलं. नाकात पाणी गेलं. दहा वर्षांच्या पोरीने तिची हनवटी तळव्यावर धरली आणि दुसऱ्या हाताने पाणी मारत दोघींना टाकीच्या मध्यावर तरंगत ठेवलं. कुत्रं कुईंकुईं करत त्यांच्या खांद्याला नखं लावत होतं. त्याला ढकलायचीही हिंमत नव्हती.

पत्र्यांचा दणदणाट ऐकून आईने भिंतीवरून डोकावलं. चाचीने नुसतं बोट ओठांवर ठेवलं. आई दुकानाकडे पळाली. गल्लीत लोक काठ्या घेऊन जमले, तर बाबांनी त्यांना हात जोडून थांबवलं, "गलबला करू नका! तो बिथरला तर पाण्यात उडी घेईन."

दार ढकललं असतं तर बिबट घरात, गल्लीतल्या लोकांवरच आला असता, म्हणून हाफिजभाऊ पाना घेऊन मागून, जंगलाच्या बाजूने गेला. तिथल्या जाळीची चौकट नट-बोल्टवर होती. तो एकेक नट सैल करत होता तेव्हा बिबट आतून त्याच्यावर झेपावला. जाळीतून आलेल्या नखांनी त्याच्या हाताची बोटं फाडली. पाना पडला. त्याने तो उचलला आणि रक्ताळल्या हाताने पुन्हा लावला. आत जोया म्हणत होती, "अब्बा, जल्दी. अम्मी जड होऊन राह्यली."

शेवटचा नट निघाला आणि चौकट हाफिजभाऊच्या अंगावर कोसळली. तो खाली, वर जाळी, आणि त्या जाळीवरून बिबट गेला. त्याचं वजन छातीवर आलं आणि उतरलं. मग सागाच्या वाळल्या पानांचा आवाज, तोही लांब गेला.

चाचीला बाहेर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. जोयाची बोटं तिच्या हनवटीवरून सुटेनात. आईने ती एकेक करून सोडवली. हाफिजभाऊला चंद्रपूरला नेलं. टाके पडले, इंजेक्शनं झाली. त्याची दोन बोटं पुढे कधी वाकली नाहीत, पण धंदा त्याने सोडला नाही.

चाचीने टाकीकडची खिडकीसुद्धा लावून घेतली. हाफिजभाऊ म्हणाला, बुजवून टाकतो. जोयाचे पाय आखडायला लागले, मालिश करताना पोरगी ओठ चावायची. होळीच्या आसपास एका दुपारी चाचीने तिला उचललं आणि म्हणाली, "चाल." पायरीवर उभी राहून आधी रडली, मग उतरली.

दार आता आतून ढकललं की बाहेर उघडतं, आणि मागच्या बाजूलाही एक केलं आहे. जोया कुबड्यांवर चालते. दोन हजार सातला ती ब्रह्मपुरीला कॉलेजात गेली. सुटीत मी घरी गेले की चाची मला टाकीवर बोलावते. वाऱ्याने पत्रा वाजला की तिचं बोलणं मध्येच थांबतं. एकदा मी विचारलं, अजून भेव लागते का? "लागते न," ती म्हणाली, आणि पाण्यातल्या जोयाला हाक मारली, "ये वं, बस झालं आता, बाहेर ये."